भिडू कोणास म्हणावे

व्हिडिओ गेमच्या खोक्यावर, आणि खोकी नाहीशी झाल्यानंतर मोबाइलवरील दुकानांच्या वर्णनपट्टीत, 'मल्टिप्लेअर' हा शब्द ज्या सढळ हाताने छापला जातो, तो सढळपणा मराठी मुलखात केवळ 'घरगुती चव' आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' या दोन वर्णनांच्या वाट्याला आलेला आहे. आणि त्या दोहोंप्रमाणेच याही शब्दाचा खरा अर्थ गिऱ्हाइकाने पैसे मोजून आत शिरल्याखेरीज उलगडत नाही. एकाहून अधिक जणांनी खेळावयाचा खेळ, एवढाच त्याचा रूढ अर्थ. त्यासाठी मराठीत 'बहुखेळाडू' असा शब्द पाडता येतो, परंतु तो ऐकताच जिल्हा क्रीडा संकुलाच्या निविदेचा वास येतो. वास्तविक या बाबतीत मराठीला नवा शब्द पाडण्याची गरजच नाही, कारण तिच्या पदरी 'भिडू' हा शब्द पूर्वीपासून आहे. खेळाडू एकटा असू शकतो. भिडू हा मात्र कोणाचा तरी असावा लागतो. व्युत्पत्तीच्या वादात न शिरताही एवढे नोंदवता येईल की हा शब्द 'भिडणे' हे क्रियापद आणि 'भीड' हे नाम यांच्या शेजारात राहतो, आणि पहिले साधण्यासाठी दुसरी सोडावी लागते हे कॅरम बोर्डाभोवती बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तेव्हा खरा मल्टिप्लेअर खेळ कोणता, हा प्रश्न 'व्हिडिओ गेममध्ये भिडू कोणास म्हणावे' असा विचारणे अधिक सोयीचे ठरते.

न्यायशास्त्रात व्याख्येला लक्षण म्हणतात आणि लक्षणाचे दोष ठरलेले आहेत. शिंगे असणे हे गाईचे लक्षण मानले तर म्हैसही गाय ठरते. नको ते आत येण्याच्या या दोषाचे नाव अतिव्याप्ती. तपकिरी रंग हे लक्षण मानले तर पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते; हवे ते बाहेर पडण्याच्या या दोषाचे नाव अव्याप्ती. 'एकाहून अधिक माणसे' हे मल्टिप्लेअर खेळाचे लक्षण या दोन्ही दोषांनी एकाच वेळी ग्रासलेले असून, या उद्योगाच्या गोठ्यात अनेक म्हशी सुखाने रवंथ करीत असताना काही जातिवंत गायी रस्त्यावर उभ्या आहेत.

अतिव्याप्तीचे सर्वांत करुण उदाहरण समजण्यासाठी मराठी मुलांच्या खेळातील 'कच्चा लिंबू' या संस्थेचा परिचय आवश्यक आहे. वयाने फार लहान असलेल्या, परंतु वगळले तर भोकाड पसरील अशा मुलाला खेळात घेतले जाते, त्याला पळू दिले जाते, ओरडू दिले जाते. फक्त तो बाद झाला तरी बाद धरला जात नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. खेळाचे नागरिकत्व त्याच्याजवळ असते, मताधिकार नसतो, आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक असते. व्हिडिओ गेमच्या युगात या संस्थेने विद्युत रूप धारण केले. ज्या हातात धरायच्या उपकरणाला घरोघरी जॉयस्टिक किंवा नुसते रिमोट म्हटले जाई, तशी दोन उपकरणे यंत्रासोबत मिळत, आणि त्यांपैकी दुसरे धाकट्या भावंडाच्या हाती देऊन त्याची वायर टीव्हीमागे कशालाही न जोडता लोंबती ठेवणे, हा उपाय जगभरच्या थोरल्या भावंडांनी एकमेकांना न विचारता शोधून काढला. धाकटा जिवाच्या आकांताने बटणे दाबतो, थोरला खेळतो, आणि पडद्यावरील शिपायाने चुकून चांगली उडी मारली की 'बघ, तू मारलीस' असे सांगून धाकट्याची पाठही थोपटली जाते. येथे माणसे दोन आहेत, उपकरणे दोन आहेत, दोघांचीही आपण खेळत असल्याबद्दल खात्री आहे. आणि खेळ एकट्याचा आहे.

या माध्यमाच्या आरंभी हा प्रश्न उद्भवलाच नव्हता, कारण तेव्हाची यंत्रे एकट्या माणसाशी खेळण्याइतकी हुशार नव्हती. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत बाहेरच्या लोकांसाठी दारे उघडण्याचा दिवस होता. अशा दिवशी भिंतीवरच्या तक्त्यांसमोर पाहुणे कशा जांभया देतात याची जाण असलेल्या विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने विद्युतलहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या अवघ्या पाच इंची पडद्यावर बाजूने दिसणारे टेनिसचे मैदान उभे केले आणि दोन माणसांच्या हातांत एकेक बटण व एकेक फिरती कळ दिली. याच गृहस्थाने महायुद्धाच्या काळात लॉस अलामॉस येथे अणुबॉम्बच्या प्रकल्पात इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागाचे नेतृत्व केले होते; तेव्हा दोन पक्षांनी एकमेकांच्या अंगणात काहीतरी टाकत राहण्याच्या विषयात त्याची तयारी आधीपासून होती असे म्हणावयास हरकत नाही. यंत्र चेंडूची वाट तेवढी आकडेमोडीने ठरवत असे. पलीकडे माणूस उभा नसेल तर चेंडूला परत येण्याचे काहीच कारण नव्हते. पुढे १९६२ साली एमआयटीत पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ रचला. प्रारंभी तो संगणकाच्याच स्विचांवर खेळला जाई, त्यामुळे खेळणाऱ्यांची कोपरे दुखत, आणि पडदा एका बाजूला असल्याने एका खेळाडूला तो दुसऱ्यापेक्षा नीट दिसे. म्हणून वेगळ्या हातपेट्या तयार करण्यात आल्या. खेळाच्या नियंत्रकाचा जन्म हा अंशतः 'तुला तिकडून बरं दिसतं' या तक्रारीतून झाला, हे या शास्त्राच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

१९७२ साली राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे 'ओडिसी' हे घरी टीव्हीला जोडण्याचे पहिले यंत्र बाजारात आले, आणि आजच्या दृष्टीने ते अपूर्ण वाटत असले तरी प्रस्तुत विषयात त्याला आदर्शाचे स्थान द्यावे लागेल. या यंत्राला गुण मोजता येत नसत. पडद्यावर काही ठिपके आणि एक रेघ एवढेच ते उमटवीत असे. मैदान, भिंती, चक्रव्यूह हे सारे टीव्हीच्या काचेवर चिकटवावयाच्या रंगीत पारदर्शक कागदांवर छापलेले असे, आणि खोक्यात फासे, पत्ते व खोटे पैसेही असत. खेळाडूचा ठिपका भिंतीतून आरपार गेला तर यंत्राची काहीही हरकत नसे, कारण भिंत आहे हे त्याच्या गावीही नव्हते. हरकत घेण्यासाठी दुसरा माणूसच लागे. नियम पाळले जातात की नाही हे पाहणे, गुण लिहिणे, लिहिलेले गुण खोडल्याचा आरोप करणे आणि तो फेटाळणे ही सर्व कामे माणसांकडे होती, आणि यंत्र रेशनच्या दुकानातील वजनकाट्याप्रमाणे तटस्थपणे उजेड पाडीत मध्ये उभे होते. त्याच वर्षी अटारी कंपनीच्या 'पाँग'ने गुण आपणच मोजून पडद्यावर दाखवले, आणि तेथून पंचाची शिट्टी यंत्राच्या तोंडात गेली ती आजतागायत तेथेच आहे.

यंत्राला अक्कल येऊ लागल्यावर समोरच्या माणसावाचून त्याचे अडेनासे झाले. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये परग्रहवासीयांची फौज यंत्रच हाकत असे, आणि दोन खेळाडूंची सोय होती ती पाळीपाळीने मरण्यापुरती. १९८५ साली आलेल्या निन्तेन्दो कंपनीच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने या पाळीला नात्याचे रूप दिले. पहिला खेळाडू मारिओ, दुसरा त्याचा भाऊ लुइजी, आणि मारिओने एक प्राण गमावल्याशिवाय लुइजीला पडद्यावर पाऊल ठेवता येत नाही. त्यामुळे मारिओ निष्णात असेल तर लुइजी हा हिरव्या कपड्यांतील एक चिरंतन उमेदवार होऊन बसतो. खोक्यावर मात्र दोघांचा खेळ असेच छापलेले असते. एकाच न्हाव्याकडे नंबर लावून बसलेली दोन गिऱ्हाइके एकत्र दाढी करीत आहेत असे कोणी म्हणत नाही, मग लुइजीच्या बाबतीत भाषेने एवढे उदार का व्हावे, हे कळत नाही.

या सर्व म्हशी हुसकावल्यावर गोठ्यात जी पहिली निर्विवाद गाय दिसते, तिचे नाव 'कॉन्ट्रा'. कोनामी या जपानी कंपनीने १९८७ साली हा खेळ नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी आणि पुढल्या वर्षी घरगुती यंत्रासाठी काढला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घरांत तो बहुधा निन्तेन्दोच्या यंत्राच्या स्वस्त नकलांमधून आला, ज्यांच्या कॅसेटवर ९,९९,९९९ खेळ असल्याचे छापलेले असे आणि प्रत्यक्षात थोडेच खेळ नावे पालटून पुन्हा पुन्हा भेटत. वरकरणी हा ऐक्याचा खेळ आहे. दोन उघडेबंब शिपाई खांद्याला खांदा लावून परग्रहावरच्या शत्रूशी लढतात आणि एकाची गोळी दुसऱ्याला लागत नाही. परंतु तिसऱ्या टप्प्यात धबधबा लागतो. येथे वरवर चढायचे असते, जो आधी चढेल त्याच्याबरोबर पडदाही वर सरकतो, आणि पडद्याची खालची कड मागे राहिलेल्याच्या पायांखालून निघून गेली की तो मरतो. त्याला कोणी ढकललेले नसते, कोणी गोळी घातलेली नसते; जवळच्या माणसाने फक्त प्रगती केलेली असते. आप्तांच्या उत्कर्षाने माणूस प्राणास कसा मुकतो, याचे इतके थेट चित्रण मराठी कौटुंबिक कादंबरीतही विरळाच आढळेल.

याहून सखोल सोय प्राणांच्या बाबतीत होती. प्रत्येक खेळाडूला ठरावीक प्राण मिळत आणि ते संपले की खेळ संपे, परंतु घरगुती आवृत्तीत ज्याचे प्राण संपले त्याला एक बटण दाबून दुसऱ्याच्या शिलकीतला एक प्राण उचलता येत असे. यासाठी दुसऱ्याची संमती घेण्याची तरतूद नव्हती. शिलकीचा मालक धबधब्यावर एका पायावर उभा असताना त्याच्या खात्यातून प्राण वजा होई, आणि शेजारी एक ताजातवाना शिपाई आकाशातून टपकून लगेच त्याच धबधब्यात पडे. शेजारणीकडून नेलेली साखरेची वाटी निदान तत्त्वतः परत येऊ शकते. 'कॉन्ट्रा'त उसना प्राण परत करण्याचे बटणच नव्हते. दोन माणसांच्या खेळाला दोघांचा खेळ बनवणारी गोष्ट हीच होय, आणि तिच्यासाठी प्रस्तुत लेखात 'लुडबुड' ही संज्ञा योजली आहे: एकाच्या करण्याने दुसऱ्याचा डाव बिघडणे किंवा सुधारणे. 'सुधारणे' हा भाग व्याख्येत शिष्टाचारापुरता ठेवलेला आहे. बदाम सात खेळताना हातातील इस्पिकची आठी दाबून तिघांची कोंडी करणाऱ्या गृहिणीला ही संज्ञा समजावून सांगावी लागणार नाही. १९८५ च्या 'गाँटलेट'मध्ये चार जण एका भुयारात शिरत, सर्वांची शक्ती सतत घटत असे, ती भरून काढणारे अन्न थोडे असे आणि एकाच्या बाणाने ते अन्न सर्वांदेखत नष्ट होऊ शके. यंत्र मोठ्या आवाजात अन्नावर नेम धरू नका असे बजावीत असे, आणि ज्या घरात लग्नाच्या पंगतीत शेवटची जिलबी कोणाच्या पानात पडली हे वीस वर्षे लक्षात ठेवले जाते त्या घरातील माणसांवर या उपदेशाचा जितका परिणाम व्हावा तितकाच होई.

लुडबुड हे लक्षण मान्य केले तरी लगेच नवी अतिव्याप्ती उभी राहते. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात, म्हणजे ठरवून वीज बंद ठेवण्याच्या काळात, खेळावर सर्वांत निर्णायक परिणाम वीज जाण्याचा होत असे. म्हणून काही विजेच्या खांबाला भिडू म्हणता येत नाही, कारण त्याच्या मनात कोणाविषयी काही नसते. तेव्हा लक्षणात हेतू घालावा लागतो. हेतू घातला की भाजी फोडणीला टाकून बाहेर येणारी आणि टीव्हीचे बटण बंद करणारी आई व्याख्येत शिरते. तिच्या कृतीचा परिणाम निर्विवाद आहे, हेतू तर त्याहून स्पष्ट आहे. पण तिला भिडू म्हणण्याचे धैर्य अजून कोणत्याही संशोधकाला झालेले नाही. याचे कारण शोधू गेल्यास तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे अंग हाती लागते. आईवर राग येतो, परंतु तो व्यक्त करता येत नाही. तो गिळून अभ्यासाला बसावे लागते. भिडूवर आलेला राग मात्र भिडूपर्यंत पोचतो, आणि पोचला हे त्याच्या चेहऱ्यावरून, हसण्यावरून किंवा उलट शिवीवरून कळते. टपालखात्यात नोंदणीच्या पत्रासोबत पोचपावती मिळत असे, तशी ही रागाची पोच. परिणाम, हेतू आणि पोच ही तीन अंगे एकत्र आली म्हणजे भिडू सिद्ध होतो.

हे लक्षण हाती आल्यावर इंटरनेटवरील अफाट खेळांची छाननी सोपी होते. अशा खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेले, केवळ अक्षरांनी वर्णिलेले 'मड' हे जग. अनेकांनी एकाच वेळी आत वावरावे, एकमेकांशी बोलावे आणि वेळप्रसंगी एकमेकांना मारावे अशी त्याची योजना होती. याच बार्टल यांनी १९९६ साली अशा खेळांतील माणसांची पत्त्यांच्या रंगांवरून वर्गवारी केली: मिळकतीमागे लागलेले ते चौकट, मुलूख खणत हिंडणारे ते इस्पिक, गप्पांसाठी येणारे ते बदाम आणि दुसऱ्याला त्रास देण्यासाठी येणारे ते किलवर. या वर्गवारीचा शास्त्रीय दर्जा वादातीत नसेलही, परंतु कोणत्याही मराठी लग्नघरात तिचा वापर करून पाहुण्यांची बैठकव्यवस्था ठरवता येईल इतकी ती उपयुक्त आहे.

मात्र अशा जगात हजारो माणसे असली म्हणजे ती भिडू झाली असे नव्हे. २००४ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील वर्तनाचा अभ्यास करून काही संशोधकांनी २००६ साली असे दाखवले की तेथील माणसे बराचसा काळ इतरांच्या सहवासात, पण एकटीच खेळत असतात. इतर माणसे हा त्यांच्यासाठी प्रेक्षकवर्ग असतो, गजबज असते, देखावा असतो. मुंबईच्या लोकलमध्येही गर्दी असते, परंतु तेथे तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धी मांडी टेकवायची असते, आणि त्या अर्ध्या मांडीत परिणाम, हेतू व पोच तिन्ही ठासून भरलेली असतात. त्या मानाने 'वॉरक्राफ्ट'मधील वीर फारच ऐसपैस जागेत, एकमेकांच्या वाटेत न येता राक्षस मारत असत. हे चित्र २००५ च्या सप्टेंबरात काही दिवसांपुरते पालटले होते. हक्कार नावाच्या एका सर्पदैवताशी लढताना वीरांना रक्तदोष जडे, जवळ उभ्या असलेल्यालाही तो लागे, आणि लढाईची जागा सोडली की तो संपावा अशी रचनाकारांची अपेक्षा होती. परंतु वीरांनी पाळलेल्या जनावरांना तो लागला, ती जनावरे मालकांबरोबर शहरांत गेली, आणि नवख्या, अशक्त खेळाडूंची नगरे हाडांच्या सापळ्यांनी भरली. काहींनी दूर रानात पळ काढला, काहींनी इतरांना बरे करण्याचे व्रत घेतले, काहींनी मुद्दाम बाजारात जाऊन रोग पसरवला; हा सारा प्रकार इतका ओळखीचा होता की २००७ साली 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात त्यावर लेख आला. ज्यांना तोवर एकमेकांची साथ नव्हती, त्यांना साथ आल्यावर ती लाभली, हा श्लेष मराठीखेरीज अन्य भाषेत साधत नसल्याने त्या लेखात तो नाही.

याच्या उलट टोकाला, म्हणजे गर्दीचे वचन देऊन माणसेच न पुरवण्याच्या बाबतीत, मोबाइलवरील 'बॅटल रॉयल' प्रकार उल्लेखनीय आहे. शंभर जण एका बेटावर हवाई छत्र्यांनी उतरतात आणि शेवटी जो जिवंत राहील तो जिंकतो, अशी त्याची रीत. २०१८ पासून 'पबजी मोबाइल'च्या रूपाने हा प्रकार महाराष्ट्रातील कट्ट्यांवर, एसटी स्थानकांवर आणि मागच्या बाकांवर इतका रुजला की २०२० च्या सप्टेंबरात त्यावर बंदी आली तेव्हा अनेक पालकांनी केंद्र सरकारचे प्रथमच मनापासून आभार मानले असावेत. परंतु नवख्या खेळाडूच्या वाट्याला येणाऱ्या या शंभरांत बरेचसे 'बॉट' असतात; बॉट म्हणजे माणसाचे नाव आणि कपडे घालून हिंडणारा, यंत्राने चालवलेला पुतळा. हा पुतळा उघड्या मैदानात थबकतो, दोन गोळ्या भलतीकडे झाडतो, आणि मारणाऱ्याच्या आत्मविश्वासासाठी विनातक्रार देह ठेवतो. त्याचा डावावर परिणाम होतो, त्याला मारण्याचा काहीएक हेतूही प्रोग्रॅमकर्त्याने दिलेला असतो. परंतु त्याला दिलेली शिवी कोठेच पोचत नाही. पहिल्याच दिवशी पंधरा जणांना लोळवून कट्ट्यावर छाती पुढे काढून बसलेल्या तरुणाला हे सांगणे क्रूरपणाचे होईल, म्हणून त्याचे मित्र ते आवर्जून सांगतात, आणि त्या क्षणी, फोन खिशात गेल्यानंतर, खेळ मल्टिप्लेअर होतो. याआधीच्या पिढीने सायबर कॅफेत, प्लायवूडच्या पार्टिशनांआड, जवळजवळच्या संगणकांना एकाच तारेने जोडून 'काउंटर-स्ट्राइक' खेळला, तेव्हा पोच मिळण्यास पार्टिशनच्या जाडीइतकाही वेळ लागत नसे.

आता अव्याप्तीकडे वळावयाचे, तर खोक्यावर एकट्याचा म्हणून छापलेला, पण भिडूंच्या संख्येने सर्वांना मागे टाकणारा खेळ १२ फेब्रुवारी २०१४ रोजी सुरू झाला. ऑस्ट्रेलियातील एका निनावी प्रोग्रॅमरने 'पोकेमॉन रेड' हा गेम बॉयवरचा जुना खेळ 'ट्विच' या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर लावला, आणि पाहणाऱ्याने वर, खाली, डावीकडे असे जे लिहावे ते बटण दाबले जाईल अशी व्यवस्था केली. नायक एक, हुकूम देणारे हजारो. पुढील सोळा दिवसांत अकरा लाखांहून अधिक लोकांनी त्यात हात घातला. नायक भिंतीवर डोके आपटत राही, खिशातील एकच जीवाश्म पुन्हा पुन्हा काढून न्याहाळत बसे, काठाने सरळ चालण्यासारख्या क्षुल्लक कामाला तासन् तास लावी आणि शेवटच्या पावलाला कोणीतरी 'खाली' असे लिहिल्याने कड्यावरून उतरून पुन्हा आरंभी जाई. जुन्या पिढीतील मराठी वाचकाला याची तुलना प्लँचेटशी करता येईल: वाटीवर चार बोटे टेकलेली असतात, प्रत्येक जण आपण ढकलत नसल्याची शपथ घेतो, आणि वाटी मात्र कोणाच्याही मनात नसलेल्या अक्षराकडे ठामपणे चाललेली असते. येथे बोटे हजारोंनी होती आणि वाटीला शिंग फुटले होते.

काही दिवसांनी प्रोग्रॅमरने सुधारणा केली. ठरावीक काळात सर्वाधिक मते मिळालेलेच बटण दाबले जाईल, या पद्धतीला 'लोकशाही' असे नाव देण्यात आले आणि जुन्या पद्धतीला 'अराजक'. लोकशाहीने नायक चक्रव्यूहातून बाहेर पडला हे खरे, परंतु अनेक खेळणाऱ्यांना ती रुचली नाही. तिच्याविरुद्ध मंडळींनी खेळ थांबवणारे बटण नऊ वेळा दाबण्याचा हुकूम सामुदायिकपणे देऊन रीतसर 'बंद' पाळला. जीवाश्माला देवत्व प्राप्त झाले, त्याचा कौल घेतला जाऊ लागला आणि पंथ पडले. म्हणजे एकट्याच्या खेळात दोन आठवड्यांच्या आत राज्यव्यवस्था, विरोधी पक्ष, बंद, देव आणि पाखंड या सर्व गोष्टी निर्माण झाल्या, आणि गंमत अशी की या सर्व माणसांनी १ मार्च रोजी तो खेळ पूर्णही केला. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय कधीतरी संपतो यावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांना यातून थोडा दिलासा मिळावा.

रागाच्या पोचेवर येथवर जो भर दिला, त्यास एक अपवाद नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. २०१२ च्या 'जर्नी' या खेळात झगा घातलेला एक प्रवासी वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे चालत असतो, आणि वाटेत त्याला दुसरा प्रवासी भेटतो, जो प्रत्यक्षात जगाच्या पाठीवरील कोणी अनोळखी खेळाडू असतो. खेळताना दोघांना एकमेकांचे नाव कळत नाही, बोलता येत नाही, केवळ एक सूर काढता येतो. खेळाच्या प्राथमिक रूपात प्रवासी एकमेकांना धडकू शकत, आणि मदत करता यावी म्हणून ठेवलेल्या या सोयीचा उपयोग लोकांनी परस्परांना खड्ड्यात ढकलण्यासाठी केला. तेव्हा रचनाकार जेनोव्हा चेन यांच्या चमूने धडकच काढून टाकली, आणि त्यासरशी माणसे सज्जन झाली. हा निष्कर्ष लोकलमधील चौथ्या सीटवरील प्रवाशांपासून तूर्त लपवून ठेवणे इष्ट. हिदेताका मियाझाकी यांच्या २००९ च्या 'डीमन्स सोल्स'मध्ये खेळाडू ठरीव शब्दांतून जोडलेले संदेश जमिनीवर लिहून जातो आणि ते दुसऱ्याच्या जगात उमटतात. बर्फाळ चढावर अडकलेल्या मोटारींच्या मालकांनी एकमेकांच्या गाड्या ढकलल्या आणि नाव न विचारता पांगले, या अनुभवातून ही कल्पना सुचल्याचे मियाझाकी यांनी सांगितले आहे. कल्पना उदात्त आहे. आणि कड्याच्या अगदी टोकाशी 'पुढे खजिना आहे' असे लिहून जाणाऱ्यांची संख्या पाहता तिचे आचरण पुण्यात पत्ता सांगण्याच्या परंपरेशी अधिक जवळचे आहे. आपला संदेश कोणाला आवडल्यास लिहिणाऱ्याची घटलेली शक्ती भरून येते. म्हणजे कोठेतरी राक्षसाच्या पायाखाली अखेरचा श्वास घेणारा लबाड, दुसऱ्या खंडात कोणीतरी त्याच्या लबाडीला हसल्याने अचानक वाचतो. पोच हसण्याचीही असते, एवढी दुरुस्ती लक्षणात करून घ्यावी.

यंत्राच्या तोंडातील शिट्टीचा उल्लेख मागे आला आहे, त्याचा शेवट लूडोत पाहावयास मिळतो. भारतीय पचिसीचे साहेबी रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात लूडो या नावाने पेटंट झाले, ते परत येऊन सारीपाट विसरलेल्या घरांत सापशिडीच्या मागच्या बाजूला छापले जाऊ लागले, आणि २०१६ साली विकाश जयस्वाल यांच्या नवी मुंबईतील कंपनीने 'लूडो किंग' या नावाने ते फोनवर आणले. २०२० च्या टाळेबंदीत निरनिराळ्या गावांत आणि देशांत अडकलेली कुटुंबे संध्याकाळी त्यावर भेटत. पण पुठ्ठ्यावरच्या लूडोत निम्मा खेळ फाशाच्या पलीकडे असे. फासा दिवाणाखाली गेला तर तो तेथे पाच होता की सहा, सोंगटी मोजताना एक घर जास्त सरकवले की नाही, मामाच्या ढोपराने पट हलला तो मुद्दाम की चुकून, यावर जी चर्चा होई तिच्यात मुले युक्तिवाद शिकत आणि मोठी माणसे जुने हिशेब चुकते करीत. फोनमधील फासा दिवाणाखाली जात नाही आणि सोंगटी आपोआप मोजून चालते, त्यामुळे रडीचा डाव खेळण्याचे शतकानुशतकांचे कौशल्य एका पिढीत निकामी होण्याची भीती होती. ती खोटी ठरली. हरणाऱ्यांनी अल्पावधीत असा सिद्धान्त मांडला की फोन आत्यालाच सहा देतो. यंत्र सर्व वाद मिटवते हे लक्षात येताच माणसांनी यंत्रालाच वादात ओढले, आणि आत्याने समोरच्याची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारून त्याच्याकडे रडक्या चेहऱ्याची चित्रे एकामागून एक पाठवली, तेव्हा पोचपावतीची सोयही पूर्ववत झाल्याचे सिद्ध झाले. फक्त पट उधळून उठून जाण्याचे बटण अद्याप कोणी बनवलेले नाही.

राहता राहिला कच्चा लिंबू. चेंडू टीव्हीच्या टेबलामागे जातो, तो काढायला तो सरपटत आत शिरतो, आणि तेथे धुळीत त्याला आपल्या जॉयस्टिकची वायर दिसते, जिच्या टोकाला काही नाही, आणि तिच्या शेजारी दादाची वायर दिसते, जिच्या टोकाला यंत्र आहे. तो पुष्कळ वेळ दोन्हींकडे पाहतो, चेंडू घेऊन बाहेर येतो आणि काही बोलत नाही. दादा त्या दिवशी 'कॉन्ट्रा'च्या शेवटच्या टप्प्यात प्रथमच पोचलेला असतो, त्या यंत्रात खेळ साठवून ठेवण्याची सोय नसते, आणि पडद्यावर राक्षसाचे हृदय धडधडत असते. धाकटा आज त्याच्या शेजारी चटईवर बसलेला नाही. तो भिंतीपाशी, जेथून टीव्ही आणि यंत्र दोघांनाही वीज जाते त्या बोर्डाखाली स्टूल ओढून उभा आहे, एक बोट बटणावर टेकवून, आणि दादाने मान वळवून आपल्याकडे पाहावे म्हणून थांबला आहे. दादा मान वळवतो. त्याच्या हातातील जॉयस्टिक त्या घटकेला कशालाच जोडलेली नसल्यासारखी दिसते.